इंजिनाच्या पोटातले बळ

विहिरीवरचे इंजिन आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे. हँडल मारले, चार-दोन आचके बसले, की ते सुरू होते आणि मग दिवसभर एका लयीत पाणी उपसत राहते. एखाद्या दिवशी मात्र, ऐन भिजवणीच्या वेळी, ते खाडकन आवाज करून थांबते. मिस्त्री येतात, बाजूचे झाकण काढतात, आत हात घालून एक तुकडा बाहेर काढतात आणि म्हणतात, ‘‘रॉड तुटला.’’

‘‘अहो मिस्त्री, मनगटाएवढा जाड दांडा तो! तुटला कसा?’’

मंडळी, हा प्रश्न फार चांगला आहे. जाड होता तरी तुटला कसा? याचे उत्तर नीट कळले, तर इंजिनाच्या पोटात कोणता भाग कसा निवडावा हे निम्मे कळले म्हणून समजा. विहिरीवरचे इंजिन सावकाश चालते, त्यामुळे त्याच्या पोटातली ओढाताण आपल्या ध्यानात येत नाही. ती नीट पाहायची, तर ताकद वाढवून रस्त्यावर पळवलेल्या मोटारीच्या इंजिनाकडे पाहावे लागते. म्हणून आज त्या इंजिनाची हकिकत सांगतो.

हा नाद मूळचा अमेरिकेतला. १९३२ साली फोर्ड कंपनीने आठ सिलिंडरांचे इंजिन स्वस्त गाडीत बसवले आणि तिथल्या तरुणांच्या हाती एक खेळणेच आले. जुनी गाडी घ्यायची, तिचे ओझे कमी करायचे, इंजिन उघडून त्याची ताकद वाढवायची आणि कॅलिफोर्नियातल्या कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट तळावर ती पळवून पाहायची. अशा गाड्यांना ‘हॉट रॉड’ म्हणू लागले. पुढे ही पळवापळवी भर रस्त्यावर आली. ती रस्त्यावरून हटवून नियमांत बसवावी, म्हणून वॉली पार्क्स नावाच्या गृहस्थाने १९५१ साली राष्ट्रीय हॉट रॉड संघ स्थापन केला. १९५५ मध्ये शेवरोले कंपनीने आठ सिलिंडरांचे एक नवे, आटोपशीर इंजिन काढले. त्याचाच ३५० घन इंचांचा, म्हणजे सुमारे ५.७ लिटरचा, मोठा भाऊ १९६७ च्या गाड्यांत आला. ताकद वाढवण्यासाठी हे इंजिन तिकडे इतक्या वेळा उघडले गेले आहे, की त्याच्या पोटातल्या प्रत्येक भागाचे गुणदोष मिस्त्र्यांना तोंडपाठ झाले. आज आपण याच इंजिनाचे उदाहरण घेऊ.

आपल्याकडेही शहरांतून आणि तालुक्याच्या गावांतून हा नाद शिरला आहे. माझ्या माहितीतल्या एका तरुणाने जुन्या मोटारीचे इंजिन असेच नव्याने बांधून घेतले. पिस्टन महागातले घातले, कॅमशाफ्ट बदलला, कार्बुरेटर मोठा बसवला. दोन महिने गाडी झकास पळाली. एके दिवशी महामार्गावर जोरात असताना एक रॉड सुटला आणि ब्लॉकला भोक पाडून बाहेर आला. तेल सांडले, ते तापलेल्या धुराड्याच्या नळीवर पडले, धूर झाला. मागून मोठी गाडी येत नव्हती, म्हणून पोरगा वाचला. साठवलेले पैसे मात्र गेले. इंजिन उघडले तेव्हा महागडे पिस्टन शाबूत होते. मग मोडले काय? ते पुढे सांगतो. आधी थोडे गणित पाहू.

पायाने चालवायचे शिलाईचे यंत्र तुम्ही पाहिले असेल. पाय खाली-वर होतो, पायट्याला जोडलेला दांडा चाकाला फिरवतो. इंजिनात तसेच आहे. पायट्याच्या जागी पिस्टन, दांड्याच्या जागी कनेक्टिंग रॉड आणि चाकाच्या जागी क्रँकशाफ्ट. फरक एवढाच, की इथे पिस्टनला ढकलतो तो जळत्या वायूचा दाब.

हा दाब किती? आपल्या ३५० इंजिनात पिस्टनचा व्यास चार इंच, म्हणजे १०१.६ मिलिमीटर आहे. माथ्याचे क्षेत्रफळ ८१ चौरस सेंटिमीटर होते. इंधन पेटल्यावर दर चौरस सेंटिमीटरला ७० किलो दाब धरला, तर पिस्टनवर साडेपाच टनांहून जास्त भार येतो. रॉड खाली रेटला जातो. आकडा ऐकून छाती दडपते. पण रॉडला हा भार सोसतो, कारण तो दाबाचा भार आहे. घराचा खांब वरचे ओझे पिढ्यान् पिढ्या तोलून धरतो, तसेच हे.

रॉडचा खरा वैरी दुसरा आहे. तो म्हणजे ओढ.

शेतातल्या माळ्यावर उभे राहून तुम्ही गोफण फिरवली असेल. दगड तोच, दोरी तीच. पण हात जोरात फिरू लागला की दोरी बोटाला काचू लागते. दगडाचे वजन वाढलेले नसते, त्याला वळवून धरण्यासाठी लागणारी ओढ वाढलेली असते. पिस्टनचेही तसेच. तो वर जातो, थांबतो, उलटा फिरून खाली येतो. इंजिन मिनिटाला ६००० फेरे फिरत असेल, तर सेकंदाला १०० फेरे झाले. म्हणजे एका सेकंदात पिस्टन दोनशे वेळा थांबतो आणि दोनशे वेळा निघतो. वर उसळलेल्या पिस्टनला थांबवून मागे खेचायचे काम कोणाचे? रॉडचे.

या इंजिनात पिस्टनचा फेरा ८८ मिलिमीटरचा आणि रॉडची लांबी सुमारे १४५ मिलिमीटर आहे. त्यावरून हिशेब केला, तर ६००० फेऱ्यांना पिस्टन वरच्या टोकाला असताना त्याची प्रत्येक वस्तू आपल्या वजनाच्या सुमारे २३०० पट ओढ निर्माण करते. पिस्टन, पिन, रिंगा असे मिळून नुसते अर्धा किलो धरले, तरी ओढ ११६० किलोची झाली. हेच इंजिन विहिरीवरच्या इंजिनासारखे १५०० फेऱ्यांवर फिरवले, तर ओढ भरते अवघी ७२ किलो. फेरे चौपट झाले आणि ओढ सोळापट! वेग दुप्पट केला की ओढ चौपट होते, हा तो नियम. म्हणून ६००० च्या जागी ७००० फेरे केले, तर ‘जरासे वाढवले’ असे वाटते. पण ११६० किलोंचे जवळजवळ १५८० किलो होतात.

आता एक बारकावा पाहा. चार फेरींच्या इंजिनात पिस्टन दोनदा वर येतो. एकदा वायू दाबून येतो. तेव्हा वरून वायूची गादी त्याला अडवते आणि रॉडवरची ओढ हलकी होते. दुसऱ्यांदा तो जळका धूर बाहेर टाकून येतो. त्या वेळी वर अडवायला कोणीच नसते. सगळी ओढ एकट्या रॉडवर पडते. फार वेगाने पळवलेले इंजिन रॉडच्या जागी मोडते, ते बहुधा अशा मोकळ्या फेरीच्या शेवटी. चालकाने उतारावर एकाएकी खालचा गिअर टाकला, इंजिन ओरडले आणि रॉड गेला, असे घडते ते यामुळेच. तेव्हा इंजिन ताकद देत नसते, पण फेरे मात्र हद्दीबाहेर गेलेले असतात.

यातून पहिला आणि सर्वांत मोठा धडा निघतो. इंजिनाची ताकद वाढवायच्या ढोबळ वाटा दोन. एक, फेरे वाढवायचे. दुसरी, तेवढ्याच फेऱ्यांत जास्त हवा आणि इंधन कोंबायचे. टर्बोचार्जर हेच करतो. पहिल्या वाटेने ओढ वाढते; म्हणजे रॉड, त्याचे बोल्ट आणि पिस्टनचे वजन यांकडे बघायचे. दुसऱ्या वाटेने दाब आणि उष्णता वाढते. म्हणजे पिस्टन, रिंगा, बेअरिंग आणि हेडचे पॅकिंग यांकडे बघायचे. दुकानात जाऊन ‘सगळ्यांत मजबूत भाग द्या’ म्हणणे म्हणजे वैद्याकडे जाऊन ‘सगळ्यांत भारी औषध द्या’ म्हणण्यासारखे आहे. दुखणे कुठले ते आधी ठरले पाहिजे.

आता एकेक भाग घेऊ.

क्रँकशाफ्ट दोन रीतींनी बनतो: ओतीव आणि घडीव. ओतीव आणि घडीव यांतला फरक तुमच्या घरातल्या बायामाणसांना ठाऊक आहे. बिडाचा तवा हातातून दगडावर पडला तर फुटतो. लोहाराने घडलेला विळा पडला तर फार तर वाकतो. बिडात कार्बनचे पापुद्रे विखुरलेले असतात आणि प्रत्येक पापुद्रा म्हणजे आतली एक चीरच. १९४० नंतरच्या दशकात धातुशास्त्रज्ञांनी एक युक्ती काढली. वितळलेल्या बिडात थोडे मॅग्नेशियम घातले, की त्या पापुद्र्यांच्या जागी गोळ्या होतात. गोळीला टोक नसते, त्यामुळे चीर धावत नाही. आपल्या ३५० इंजिनांपैकी पुष्कळांत कारखान्यातून असाच ओतीव क्रँक येई. तेव्हा ओतीव म्हणजे टाकाऊ, असे समजू नका. बेताच्या ताकदीला तो वर्षानुवर्षे पुरतो.

घडीव क्रँकसाठी पोलादाची कांब सुमारे बाराशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि भल्यामोठ्या घणाखाली किंवा दाबयंत्रात साच्यात घडवतात. लाकडाला जसे रेषे असतात, तसे घडीव पोलादालाही वळण असते आणि ते क्रँकच्या आकाराबरोबर वळत जाते. सुताराला विचारा, नांगराचे वाकडे लाकूड मुळातच वाकड्या फांदीचे का घेतात? रेषा तुटू नये म्हणून. तोच न्याय इथे आहे. ही विद्या आपल्याकडेही आहे. १९६१ साली नीळकंठराव कल्याणी यांनी पुण्यात स्थापन केलेल्या भारत फोर्ज कंपनीचे घडीव क्रँक देशातच काय, परदेशांतल्या वाहनांतही बसले आहेत.

ताकदवान इंजिनासाठी घडीव क्रँक घेताना पोलादाची जात विचारावी. अमेरिकी पद्धतीत तिला आकडा असतो. ४३४० या जातीत निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेले असते, आणि शेवटचा ४० हा आकडा म्हणजे ०.४० टक्के कार्बन. ही जात कणखरही आहे आणि चिवटही. पण नुसत्या आकड्यावर भुलू नये. पोलाद तेच असले तरी ते उष्णतेवर कसे मुरवले आहे आणि त्याचे कोपरे कसे घासले आहेत, त्यावर आयुष्य ठरते.

कोपऱ्यांचे महत्त्व एका जुन्या हकिकतीवरून कळेल. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आख मोडला आणि भीषण अपघात झाला. आख जाड होता, भारही नेहमीचाच होता. पुढे ऑगस्ट व्होलर नावाच्या जर्मन रेल्वे अभियंत्याने वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखवून दिले, की एका वेळी सहज सोसवेल असा भारही लाखो वेळा उलटसुलट पडला तर धातू थकतो. बारीक तार एकदा वाकवली तर तुटत नाही. दहा-वीसदा इकडेतिकडे वाकवली की तुटते. ही थकव्याची चीर बहुधा काटकोनी कोपऱ्यातून सुरू होते. शिंपी कापडाच्या काठाला कात्रीने बारीकशी चीर देतो आणि मग कापड सरळ फाटत जाते, तसेच. म्हणून क्रँकवर जिथे गोल दांडा आणि बाजूची भिंत मिळते, तिथला कोपरा चांगला गोलाईदार असावा लागतो. लेथवाल्याने क्रँक घासताना ही गोलाई उडवली, तर महागडे पोलाद वाया गेले. क्रँक जुना असेल, तर चिरांची तपासणी करून घ्यावी. त्याची रीत सोपी आहे: भाग चुंबकित करतात आणि वर लोखंडाची बारीक पूड टाकतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरेवर पूड गोळा होऊन रेघ उमटते.

आता रॉड आणि आपल्या त्या तरुणाची गोष्ट. त्याचा रॉड मधून मोडलेला नव्हता. रॉडचे खालचे टोक क्रँकला मिठी मारते. ती मिठी दोन तुकड्यांची असते आणि ते तुकडे दोन बोल्टांनी आवळलेले असतात. मोडला होता तो एक बोल्ट. नवे पिस्टन घेताना जुनेच बोल्ट पुन्हा लावले होते. ‘‘चांगले तर दिसतात’’ असे म्हणून! हजारो रुपयांच्या इंजिनात सगळ्यांत स्वस्त वस्तू तीच होती आणि सगळी ओढ येते तीही तिच्यावरच.

बोल्टाचे काम कसे चालते पाहा. बैलगाडीवर कडबा रचला, की आपण दोर करकचून आवळतो. आवळ घट्ट असेल तर गाडी कितीही हिसकली तरी ओझे हलत नाही आणि दोरही घासत नाही. दोर सैल असेल तर प्रत्येक हिसक्याला तो ताणतो, सुटतो, पुन्हा ताणतो, आणि शेवटी तुटतो. बोल्टही आवळल्यावर रबरासारखा किंचित लांबतो आणि दोन तुकडे एकमेकांवर दाबून धरतो. हा दाब पिस्टनच्या ओढीपेक्षा जास्त असला, तर बोल्टाला दर फेरीचा हिसका जवळजवळ जाणवत नाही. कमी पडला, तर मिठी उघडझाप करू लागते आणि बोल्ट थकतो. म्हणजे बोल्ट मजबूत हवा हे खरे, पण तो नेमका आवळलेलाही हवा.

इथे साधा टॉर्कचा पाना थोडी फसवणूक करतो. तो सांगतो, किती जोर लागला ते. बोल्ट किती लांबला ते नव्हे. आट्यांना तेल कमी असेल, तर जास्तच जोर घासण्यात जातो. म्हणून जाणते मिस्त्री उत्तम बोल्टांची लांबी आवळण्याआधी आणि आवळल्यावर मोजतात. किती लांबावा ते बोल्टाच्या कारखान्याच्या कागदावर दिलेले असते. कोणते वंगण लावायचे तेही असते. तो कागद फेकू नका. आणि आणखी एक. जुन्या रॉडला नवे बोल्ट बसवले, की वरची मिठी किंचित सरकते आणि भोकाचा गोलवा बिघडतो. ते भोक पुन्हा होन करून गोल करावेच लागते. ही मजुरी, बोल्टांची किंमत, चिरांची तपासणी असे सगळे धरले, तर पुष्कळदा नवे घडीव रॉड चांगल्या बोल्टांसह घेणे फारसे महाग पडत नाही. आपल्या ३५० चे मूळ रॉडही घडीवच होते. त्यांची दुखरी जागा बोल्ट हीच मानली जाते.

पिस्टनची निवड सर्वांत जास्त घोटाळ्याची. सगळे पिस्टन ॲल्युमिनियमचे, पण त्यात सिलिकॉन किती मिसळले त्यावर स्वभाव बदलतो. ओतीव पिस्टनांतल्या एका कणखर प्रकारात सिलिकॉन १६ ते १८ टक्क्यांपर्यंत असते. तो फारसा झिजत नाही आणि तापून फारसा फुगतही नाही, पण ठोका सोसत नाही. बिडाच्या तव्यासारखा फुटतो. घडीव पिस्टनांत दोन जाती नेहमी ऐकू येतात. ४०३२ या जातीत सिलिकॉन सुमारे १२ टक्के असते. २६१८ या जातीत ते जवळजवळ नसतेच. ती फार चिवट, मार खाणारी. पण तापल्यावर जास्त फुगते. म्हणून तिला सिलिंडरमध्ये जागा जास्त सोडावी लागते. चार इंची पिस्टनला ४०३२ साठी सुमारे ०.०६ ते ०.०८ मिलिमीटर, तर २६१८ साठी ०.१० किंवा त्याहून थोडी जास्त. सकाळी थंड इंजिन सुरू केले की असा सैल पिस्टन खडखडतो, तेल थोडे जास्त पितो, लवकर झिजतो. शर्यतीच्या गाडीचे इंजिन वरचेवर उघडतात, त्यांना ते चालते. रोज बाजाराला जाणाऱ्या गाडीला टर्बो नसेल, तर ४०३२ च बरी. इथे ‘जास्त मजबूत’ म्हणजे ‘जास्त योग्य’ नव्हे, हे ध्यानात घ्या.

पिस्टनला मारणारा मोठा शत्रू म्हणजे नॉकिंग. मिश्रण ठिणगीपासून पुढे शिस्तीत जळत जाण्याऐवजी कोपऱ्यात एकाएकी भडकते आणि माथ्यावर हातोडा बसावा तसा ठोका बसतो. हे ठोके बसत राहिले तर रिंगांमधल्या पट्ट्या तुटतात. घडीव पिस्टन थोडा वेळ जास्त टिकेल, इतकेच. त्यावर औषध पिस्टनचे नव्हे. तुमच्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलला झेपेल इतकेच कॉम्प्रेशन ठेवणे, ठिणगीची वेळ नीट जुळवणे आणि इंजिन थंड राखणे, हेच औषध. म्हणून भाग निवडण्याआधी पेट्रोल कोणते मिळणार हे विचारावे.

रिंगेचेही एक छोटे पण जिवावरचे गणित आहे. रिंगेच्या दोन टोकांत फट ठेवतात. साधा नियम असा, की व्यासाच्या दर इंचाला एक इंचाचा चार हजारावा... नव्हे, चार सहस्रांश भाग. चार इंची पिस्टनला ही फट सुमारे ०.४ मिलिमीटर होते. टर्बो लावला तर रिंग जास्त तापते, जास्त लांबते. मग फट ०.६ मिलिमीटरच्या आसपास लागते. ती ठेवली नाही, तर टोके एकमेकांना भिडतात, रिंग सिलिंडरच्या भिंतीत रुतते आणि पिस्टनचा माथाच ओढून काढते. पिस्टन कितीही उंची असो, एका कानशीच्या चार घासांअभावी तो जातो.

बेअरिंगविषयी थोडक्यात. फिरणारा क्रँक धातूवर टेकत नाही. तो तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. त्या थरासाठी शाफ्टच्या दर इंच व्यासामागे इंचाचा एक सहस्रांश भाग जागा ठेवतात. आपल्या इंजिनाचा मुख्य दांडा सुमारे ६२ मिलिमीटरचा, म्हणजे जागा ०.०६ मिलिमीटर, डोक्याच्या एका केसाएवढी. जागा कमी ठेवली तर तेल शिरत नाही, जास्त ठेवली तर तेल पळून जाते आणि दाब पडतो. हे डोळ्यांनी ठरत नाही, मायक्रोमीटरनेच ठरते. आणि पिस्टन किंवा रॉड बदलले, की वजन बदलते. म्हणून सगळे भाग तोलून क्रँक पुन्हा बॅलन्स करून घ्यावा.

आता हे सगळे एकत्र करून पाहू. समजा, कोणी ३५० इंजिन बांधतो आहे. टर्बो नाही, फेरे ६००० च्या आत, गाडी रोजच्या वापराची. त्याला मूळचा ओतीव क्रँक, तपासून निर्दोष निघाला तर, पुरेल. पैसे घालावेत ते नव्या रॉडांत आणि बोल्टांत, बऱ्यापैकी पिस्टनांत आणि सर्वांत जास्त मोजमापात व लेथच्या कामात. दुसऱ्याला टर्बो लावायचा आहे. त्याला घडीव क्रँक, जाड रॉड, घडीव पिस्टन, मोठी रिंगफट आणि क्रँकला दोनऐवजी चार बोल्टांनी धरणारा ब्लॉक हवा. या इंजिनाचे ब्लॉक दोन्ही प्रकारचे निघाले होते. तिसऱ्याला फक्त फेरे वाढवायचे आहेत. त्याने हलके पिस्टन आणि उत्तम बोल्ट पाहावेत, आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा विसरू नयेत. त्या मऊ पडल्या तर व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही आणि पिस्टन त्याच्यावर आदळतो. एकच इंजिन, तीन गरजा, तीन याद्या. यादी दुकानदाराने करायची नसते. ती आपल्या गरजेने करायची असते.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, वाहनाचा नोंदलेला तपशील कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. काही मोजक्या बदलांना परवानगी मिळते. तेव्हा घरातल्या मुलाने हा विषय काढला, तर त्याला रागावून गप्प करू नका. पण कायदा सांगा, आणि वाढलेल्या वेगाला ब्रेक आणि टायर पुरे पडतील का, तेही विचारा. जोर लावायची हौस असेल तर तो शर्यतीच्या बंद मैदानावर लावावा. गावच्या रस्त्यावर शाळेची पोरे चालत असतात.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, यातले पुष्कळसे वर्गात दाखवता येते. खडूचा तुकडा दोन बोटांत उभा धरून दाबा, तो सोसतो. तोच जरा वाकवा किंवा ओढून पाहा, लगेच तुटतो. दाब आणि ओढ यांतला फरक मुलांना पटेल. तार वाकवून किती वेळा वाकवल्यावर तुटते ते मुलांकडून मोजून घ्या. मग तिला कानशीने बारीक खाच पाडून पुन्हा मोजा. खाचेची तार किती लवकर गेली हे फळ्यावर लिहा. रबराचे खोडरबर दोरीला बांधून मैदानात फिरवा आणि वेग वाढला की बोटाला काय वाटते ते मुलांना सांगू द्या. गावात गॅरेज असेल, तर मिस्त्रींना विचारून एखादा मोडका रॉड शाळेत आणून ठेवा. मोडलेल्या भागाइतका चांगला गुरू नाही.

आणि विहिरीवरचे इंजिन उघडायची पाळी आली, तर इतके करा. मिस्त्रींना म्हणा, ‘‘नवा रॉड घालाच, पण आधी जुना का तुटला ते पाहू. बोल्ट नवे घाला, मोजून आवळा आणि तेल कुठवर पोहोचते ते दाखवा.’’ मिस्त्री जाणता असेल तर त्याला राग येणार नाही. तो हसून पाना हातात घेईल आणि तुम्हाला जवळ बसवून दाखवील.